सातवी फ्लॉपी

स्केट्सच्या जुन्या खोक्यात अकरा फ्लॉप्या घेऊन
आर्विड तुओमिनेन दुकानात आला, तेव्हा
डुलूथच्या बंदरातला बर्फ अजून फुटला नव्हता.
खोकं त्यानं काउंटरवर ठेवलं
अंडी ठेवावीत तसं.

"पियानोला ह्या आता वाचता येत नाहीत," म्हणाला.
"दाताच्या डॉक्टरसारखा करकरतो
आणि बाहेर फेकतो."
चाळीस वर्षं धक्क्यावर बोटींत खनिज भरलेला माणूस,
बोटं जाड, बोलणं मोजकं.
लेबलांवर लोर्नाचं अक्षर, पेन्सिलीतलं.
लोर्नाला जाऊन दोन हिवाळे झाले
हे त्यानं नाही, शेजारच्या बेकरीवालीनं सांगितलं.

माझ्या लॅपटॉपनं पहिली फ्लॉपी पाहिली
आणि अदबीनं विचारलं:
ही कोरी आहे. फॉरमॅट करू?
नको रे बाबा.
वाचता येत नाही त्याला सगळंच कोरं.

मग माळ्यावरून जुना ड्राइव्ह काढला.
कोपऱ्यातल्या जास्तीच्या भोकावर चिकटपट्टी लावली,
बुरशी धरलेल्या दोन स्पिरिटनं पुसल्या,
आणि फायली मागायचं सोडून
नुसती चुंबकाची चढ-उतार टिपत बसले,
एकेक वर्तुळ पाच-पाच वेळा,
बहिऱ्यानं ओठ वाचावेत तशी.

ह्यात आवाज नसतो, मी आर्विडला सांगितलं.
कुठली पट्टी, केव्हा, किती जोरात, कधी सोडली,
एवढंच. पेडल खाली. पेडल वर.
"म्हणजे तिची बोटं," तो म्हणाला.

तिसरीवर एका वॉल्ट्झच्या मधोमध
एकोणीस सेकंद काहीच नाही
आणि पुन्हा तिथूनच पुढे.
"ओव्हन," आर्विड म्हणाला.
पाचवीवर सगळ्यात खालचा सूर
दर वेळी केसभर उशिरा.
"डावी करंगळी. स्लेजवरून पडली होती."
असं एकेक आकड्यावर बोट ठेवत
तो मला त्यांचं घर दाखवत गेला,
कोट न काढता.

सातवीवर लेबल नव्हतं.
एकाच बोटानं वाजवलेले सात सूर,
सहावा चुकलेला. पुन्हा पहिल्यापासून.
सहावा चुकलेला. पुन्हा.
असं चौदा वेळा,
आणि सगळं इतकं हलक्या हातानं
की हातोडी तारेला जेमतेम टेकावी.
मी विचारलं, ती शिकवण्या घ्यायची का?
कुणा पोराचं दिसतंय.

आर्विडचे कान लाल झाले.
"रात्रपाळीहून यायचो. ती वर झोपलेली असायची.
चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं.
पुसायचं कुठलं, ते सापडलं नाही."

ह्या फ्लॉप्यांचं एक उलटं असतं:
कोपऱ्यातला खटका सरकवून
ती तांदळाएवढी खिडकी उघडी ठेवली
की आतलं मग कुणाला पुसता येत नाही.
बाकी दहांच्या खिडक्या बंद होत्या.
हिची उघडी,
आणि खटका पुन्हा सरकू नये म्हणून
त्यावर नेलपॉलिशचा थेंब, वाळलेला, गुलाबी.

त्यानं ती डोळ्याशी धरली,
एक डोळा मिटून
त्या भोकातून बराच वेळ बंदराकडे पाहिलं.

"मला तर सांगायची," तो म्हणाला,
"अंगावर छप्पर कोसळलं
तरी जाग येत नाही म्हणून."