बोटभर खाली

नऊ टक्के परतावा, साहेब.
मंदी सगळ्याला येते, म्हातारपणाला नाही.
समुद्र दिसतो, दवाखाना अर्ध्या तासावर —
हे मी भोगव्याच्या सड्यावर उभा राहून
रोज बोलतो.

न्हाणीघरातला दांडा किती उंच हवा
आमच्या इंजिनियरला सुचेना.
वॉचमन रेवंडकरची आई आली,
सुकटीची टोपली दाराबाहेर ठेवून.
कमोडवर बसली, दांडा धरून उठली, पुन्हा बसली.
"बोटभर खाली घे रे, झिला."

चौसष्ट घरं, चौसष्ट दांडे,
सगळे तिच्या गुडघ्यांच्या मापाचे.
निम्मी घरं मुलांनी घेतली, फोनवरून.

काल फाटकाशी थांबून विचारत होती,
"एखादो दांडो उरलो काय?"

मी स्टॉकची यादी काढली.
उरला होता.
पुढे किंमत छापलेली.