कडेवरचं नाव

मी कॅमेऱ्यामागचाही नव्हे.
त्याच्याही बाजूला, कानांवर हेडफोन चढवून
लांब काठीवर केसाळ माइक धरणारा.
पडद्यावर माझी सावली दिसली
तर चूक माझी.

फ्लीटवुडला गेलो होतो, लँकेशरच्या किनाऱ्यावर,
एडगर सोअरबी यांच्या घरी.
बंदरात मासे यायचे थांबून वर्षं झाली,
वास मात्र अजून पगारावर असल्यासारखा हजर.
ट्राम चालवायचे. बायको गेलेली.
तिच्या शिवणयंत्राच्या खणांत त्यांनी मखमल घातली होती
आणि मखमलीवर परक्या माणसांची
एकशे बारा शौर्यपदकं.

निर्मातीबाई म्हणाल्या, सर्वांत महाग कुठलं, ते दाखवा.
म्हातारा म्हणाला, सर्वांत झिजलेलं दाखवतो.
राजाचं नाक गेलेलं, दाढी सपाट,
नाण्यावरचा माणूस पाण्यात बघावा तसा.
"बाजारात याला अर्धीच किंमत.
पण चकचकीत पदक पेटीतच राहिलेलं असतं हो.
हे कुणीतरी दर रविवारी पुसलंय.
आणि नाव इथं नसतं, उताणं-पालथं करू नका,
नाव कडेवर असतं."
भिंग धरून त्यांनी वाचलं:
कॉर्पोरल ए. क्लेग.
रोज संध्याकाळी टीव्हीचा आवाज बंद करून
ते एक नाव मोठ्यानं वाचतात म्हणे.
बातम्यांतली तोंडं समोर हलत राहतात.

मार्चमध्ये दाखवलं. चार मिनिटं वीस सेकंद,
जिन्याच्या खुर्चीच्या आणि विम्याच्या जाहिरातीमध्ये.
दुसऱ्या दिवशी फोन आला, ॲक्रिंग्टनहून.
मॉरीन हॅस्लम, माहेरची क्लेग.
निर्मातीबाईंना अश्रूंचा वास लागला.
आम्ही पुन्हा गेलो.

मॉरीनबाई कापडी पिशवी मांडीवर घेऊन बसल्या.
कोट काढला नाही.
हातात घेताना काय वाटतंय?
"थंड आहे," त्या म्हणाल्या.
मग बराच वेळ काही नाही.
मग, सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात आजीनं विकलं,
कोळशासाठी. दोन पोती आली.
आजोबांना कळलं तेव्हा म्हणाले,
चला, एकदाचं कुणाला तरी ऊब देऊन गेलं.

आणि शौर्याचं? कधी सांगत?

"नाही.
गाय फॉक्सच्या रात्री फटाके सुरू झाले की
मला कडेवर घेऊन ते जिन्याखालच्या कपाटात शिरायचे.
झाडू, बादली, गॅसचा मीटर आणि आम्ही दोघं.
माझी बरगडी दुखायची इतकं घट्ट धरायचे.
मला वाटायचं, मी भिते म्हणून."

काठी माझ्या हातात जड झाली.
दिग्दर्शकानं माझ्याकडे पाहिलं, आवाज ठीक?
स्वयंपाकघरातला फ्रिज नेमका
"घट्ट"वर घरघरला होता.
नियम असा की, मी मान हलवून नाही म्हणायचं
आणि बाईंनी ते सगळं पुन्हा सांगायचं,
जरा सावकाश, जरा इकडे बघून.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा
मी अंगठा वर केला.

प्रसारणात ते नव्हतंच.
पदक होतं, सुरकुतलेला हात होता, वर पियानो.
ती टेप माझ्या खणात आहे,
स्क्रू, जुन्या बॅटऱ्या आणि घराच्या किल्ल्यांबरोबर.
कधी लावत नाही.
फक्त पाठीवर पेन्सिलीनं लिहिलंय: क्लेग, कपाट.

निघताना सोअरबी यांनी पदक पुढे केलं होतं,
न्या, तुमचंच आहे.
त्या म्हणाल्या, माझ्याकडे कोण वाचणार रोज?
राहू द्या.
फक्त पाच नोव्हेंबरला
तो खण बंद ठेवा.

मग मी, नेहमीप्रमाणे, सगळ्यांना गप्प बसवलं.
रिकाम्या खोलीचा आवाज अर्धा मिनिट घ्यावा लागतो,
संकलनात तुकडे जोडायला.
फ्रिज. बाहेर एक सीगल.
कोटाची बाही.
आणि म्हाताऱ्यानं अलगद, दोन्ही हातांनी
आत ढकललेला खण.