लाईनवर राहा

ह्यांच्या कानातलं यंत्र मंगळवारी बंद पडलं,
कुकरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शिट्टीच्या मधे कुठेतरी.
तिसरी त्यांना ऐकूच आली नाही.
गॅस बंद करायचं काम त्यांच्याकडे.
वरण लागलं.

लक्ष्मी रोडच्या दुकानात काचेचं दार, गार हवा,
टाय लावलेला एक मुलगा.
आजी, तक्रार इथं नाही घेत.
मग विकलं कुठं होतं?
विकलं इथंच.
बेचाळीस हजारांचं बिल मी पुढे केलं,
त्याने ते दोन बोटांनी परत सरकवलं
आणि खालचा नंबर दाखवला,
राजगिऱ्याएवढ्या अक्षरांतला.

मराठीसाठी तीन दाबा.
दाबला. हिंदी आली.
मग बासरी.
मग, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
मग तीच बासरी, पहिल्यापासून.
फोन ओट्यावर ठेवून मी मेथी निवडायला घेतली.
महत्त्वाचा आहे, महत्त्वाचा आहे, बाई सांगत राहिली
आणि जुडी संपली.

बुधवारी एक माणूस सापडला.
म्हणाला, यंत्र ज्यांच्या नावावर आहे त्यांच्याशीच बोलावं लागेल.
अहो, त्यांना ऐकू येत नाही, म्हणून तर फोन केलाय.
समजू शकतो मॅडम, पण नियम आहे.
दिला फोन ह्यांच्या हातात.
हे ओरडले, कोण, मुकुंदा का?
अरे, तुझ्या गुडघ्याचं काय झालं?
पलीकडे लाईन कापली गेली.

टेलिफोन खात्यात माझी एकतीस वर्षं गेली,
पहिली चौदा ट्रंक बोर्डावर.
डोक्यावर हेडफोनची पट्टी, समोर भोकंच भोकं,
बार्शी, मिरज, कोपरगाव.
आम्ही काही फार गोड नव्हतो.
खेकसायचो. डबा खाताना दिवे लुकलुकू द्यायचो.
पण लाईन नाही तर नाही म्हणायचो,
तासाने लावते म्हटलं की तासाने लावायचो.
घड्याळ समोरच टांगलेलं होतं.

शुक्रवारी एक मुलगी आली फोनवर.
पहिली दोन वाक्यं वाचलेली होती,
वाचलेलं वाक्य मला ऐकताक्षणी कळतं.
तिसऱ्याला ती अडखळली.
म्हणाली, थांबा हं आजी. मला हे माहीत नाही.
विचारते, आणि साडेचारला मीच फोन करते.
नाव? शाहीन. शाहीन मुलाणी.
कुठली गं? इंदापूरची. बसते खराडीला.

माहीत नाही!
चार दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी हे म्हणालं
आणि मला, कशाला खोटं बोलू, रडू आलं.

तरी विश्वास नव्हता.
चहा टाकला. साडेचार झाले. चार पस्तीस.
हे विचारत होते, कुणाची वाट बघतेस?
मी हातानेच सांगितलं, कुणाची नाही.
चार एकेचाळीसला वाजला.
अकरा मिनिटं उशीर झाला, सॉरी आजी.
मळ अडवायची बारीक जाळी असते, ती तुंबली असणार.
साठ रुपयांना मिळते. तुमच्याच दुकानात आहे,
मागच्या कपाटात, खालून दुसरा खण.

टायवाल्या मुलाने खण उघडला.
जाळ्या होत्या, पन्नास तरी असतील.
तो त्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे.
मला कुणी सांगितलंच नव्हतं, म्हणाला,
आणि खुर्ची दिली बसायला.
जाळी त्यानेच बसवली, जीभ दातांत धरून.

रात्री मेसेज आला.
आमच्या सेवेला एक ते दहा गुण द्या.
मी दहा दिले. ते शाहीनचे.
बाकीच्यांचा हिशोब लिहायला गेले,
तर त्या चौकटीत अक्षरंच उमटेनात,
नुसते आकडे.

हे तोवर छताकडे बघत होते.
हा पंखा एवढा वाजतो?
कधीपासून?
दोन वर्षं झाली, मी म्हटलं.
मग सांगायचं नाही का कुणी, ते म्हणाले.