पाचवी नळी

सकाळी सातलाच पिंप भरून ठेवलं मी.
नळाला पाणी आलं होतं परवा, आता येईल ते शनिवारी,
आणि आज दहावीचं प्रात्यक्षिक.
छत्तीस पोरं, पाच-पाच नळ्या,
एकशे ऐंशी काचेचे घसे
आणि माझा एक ब्रश.

हत्तुरे बाई म्हणाल्या, गुंडेटी, लेबलं काढा.
ओळखू दे पोरांना.
काढली.
मला कुठं लागली होती कधी लेबलं?
साखर पेठेतल्या रंगखात्यात अकरा वर्षं
हिराकस ओळखला जिभेच्या टोकावर,
मोरचूद नखांत घेऊन झोपलो,
लग्नात हळद लावली तर हातावर हिरवी दिसली,
सासूनं विचारलं होतं, हे काय?
मग खातं बंद पडलं, मी इथं आलो.
त्याला पुस्तकात काय म्हणतात ते ठाऊक आहे मला,
पण राहू दे.

पहिल्या नळीत चुनकळी.
पाणी पडताच सूं करून उठली,
ओवेस बागवान ओरडला, चटका बसला की ओ!
बाई म्हणाल्या, तेच लिही.
चटका हे निरीक्षण आहे.

दुसरीत हिराकस, दिव्यावर धरलेला.
हिरवा उडाला, तांबूस भुकटी उरली,
काडी ओढल्यावर येतो तसा वास बाकाबाकांतून फिरला,
पोरींनी ओढण्या नाकाला लावल्या.
अपघटन, हे पाठ होतं सगळ्यांना.
वास कुणाला पाठ नव्हता.

तिसरीत निळ्या पाण्यात खिळा.
इथं नुसतं बसायचं असतं.
पंखा गरम हवा ढवळतो,
खिळा एवढ्यात काही बोलत नाही,
आणि मग बघावं तर तांबं अंगावर येऊन बसलेलं,
पाणी उतरलेलं.

चौथी सगळ्यांची आवडती.
दोन्ही पाणी काचेसारखी,
एकात एक ओतली की ताक.
जोड्या बदलल्या सर, कुणीतरी पुटपुटलं,
आणि मागच्या बाकावर हसू फुटलं.

पाचवीत मीच तांब्याची तार सोडली होती
हिराकसाच्या पाण्यात.
बाईंनी सांगितलं होतं तशी.
ती तिथं नुसती उभी.
एकानं लिहिलं: बुडबुडे आले.
एकानं: रंग किंचित बदलला.
एकीनं शेजारणीचं बघून लिहिलं, जाळ निघाला.

श्रावंती यमूल पेन खाली ठेवून बसलेली.
तिच्या जर्नलला तेंदूपत्त्याचा वास येतो,
रात्री आईबरोबर पाचशे विड्या वळून मग आकृत्या काढते.
बार्शीचे परीक्षक घड्याळ बघत म्हणाले, लिही की.
अजून काही झालं नाही सर.
काहीतरी होतच असेल, नीट बघ.
तिनं नीट बघितलं.
नळी उजेडाकडे धरली,
तळाला हात लावला, गार.
तार काढली, ओढणीला पुसली,
परत बघितली.
मग लिहिलं, अक्षर अक्षर:
अभिक्रिया नाही. दहा मिनिटं पाहिलं.
तार होती तशी आहे.

सरांनी बाईंकडे बघितलं.
बाई खिडकीबाहेर, जिथं बघण्यासारखं
माझं पिंप सोडून काही नव्हतं.
किती गुण दिले, मला दिसलं नाही.

दुपारी धुवायला बसलो.
चुन्याची नळी चिवट, तिला तीन पाणी.
भुकटीची काळवंडलेली, तिला राख.
पाचवी नुसती विसळली,
वाचलेला मग पिंपात परत ओतला.
तार कागदात गुंडाळून कपाटात ठेवली,
पुढच्या वर्षी लागेल.

दारातून श्रावंती म्हणाली, वस्ता मामा.
आमच्यातही जाताना येतेच म्हणतात.
मी ओला हात वर केला.
नखं बघितली, सवयीनं.