त्रेचाळीस

नवा घ्यायचा तर तीन महिन्यांचं भाडं,
आणि दुकानाच्या काचेवरचा भाव
सोमवारी एक, गुरुवारी दुसरा;
तिथली पोरगी आता आकडे पेन्सिलीनं लिहिते.
अंथरूण तेवढंच आहे.
पाय थोडे लांब करून बघायचे, कडेपर्यंत.

म्हणून जुलैच्या गारठ्यात, रोसारिओत,
बारा वर्षांच्या या म्हाताऱ्याला
मी स्वयंपाकाच्या टेबलावर आडवं घातलं.
चार स्क्रू. पाचवा कधीच नव्हता.
आत मांजराचे केस, पावाचा भुगा,
आणि राखेचा एक पातळ थर,
नदीपलीकडची बेटं जळत होती त्या वर्षीचा.
रंगाचा ब्रश घेतला. पंख्याला बोटानं धरून ठेवलं,
फुंकरीनं उगाच गरगरायला नको.

जुनी पेस्ट वाळून तिची खरवड झालेली,
दुधाच्या पातेल्याच्या बुडाशी असते तशी.
स्पिरिटनं पुसली. नवी लावली
मसुरीच्या दाण्याएवढी.
जास्त लावणं हे आमच्या घराण्याचं व्यसन:
जॅम, लाली, आशा.

तांब्याच्या चार नळ्यांचा मोठा कूलर
लिसांद्रोच्या बंद पडलेल्या कॅफेतून आणला,
बदल्यात त्याच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा व्हिडिओ फुकट.
तोच व्हिडिओ, ज्याला अकरा तास लागणार होते
त्या पोरीला वडलांसोबत एकदा गोल फिरवायला.

पॉवर सप्लाय मात्र नवा.
शेजारचा अनसेल्मो म्हणाला होता,
"तो स्वस्तातला डबा टाकून दे, झुलेमा.
तसले जाताना एकटे जात नाहीत."
रेल्वेच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं लेथ चालवली त्यानं.
कॉम्प्युटर कळत नाही त्याला,
तापणारं आणि फिरणारं सगळं कळतं.

काळा पडदा, पांढरी अक्षरं. गुणक तेहेतीस.
अडतीस केला. म्हातारा उठला, काही बोलला नाही.
एकोणचाळीस. चाळीस.
एका वेळी एकच, आणि दर वेळी तासभर रगडायचा,
कुणालाच नको असलेली गणितं करायला लावायची,
अंश बघत बसायचं.
एकसष्ट. चौसष्ट. चौसष्ट. सहासष्ट.
वही अनसेल्मोच्या मांडीवर, मातेचा पेला गुडघ्यांत.
व्होल्टेज देताना माझा हात आखडता:
तिथे कंजूष असणं हीच माया.

पंचेचाळीसला पडदा निळाशार झाला,
काहीतरी माफीसारखं पुटपुटला,
आणि सगळं विझलं.
पंखा तेवढा फिरत राहिला.

मला एवेलिओ आठवला. माझा भाऊ.
खाटीकखान्यात दोन पाळ्या, वर रात्रीची टॅक्सी.
"अजून निघतं गं," म्हणायचा.
निघत होतंही.
वही घेऊन उशाशी कुणी बसलं नव्हतं,
मीसुद्धा नाही.

"चव्वेचाळीस?" मी विचारलं.
"चालेल," अनसेल्मो म्हणाला, "सप्टेंबरपर्यंत.
डिसेंबरात ही खोली भट्टी होते, विसरलीस?"
त्यानं त्रेचाळीसभोवती पेन्सिलीनं गोल काढला,
आणि मग, कुणी ऐकू नये तसा, आणखी एक.

रात्रभर रगडला. बाहेर कुत्री, मग दूधवाला.
मांजर उठून मागच्या जाळीपाशी गेलं,
जिथून ऊन वारा येतो, आणि तिथेच पसरलं.
पहाटे एकोणसत्तर. वर नाही, खाली नाही.

व्हिडिओ साडेआठ तासांत झाला.
अडीच तास वाचले. त्यांचं काय करायचं
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.
जाताना अनसेल्मोनं दोन बोटं डब्यावर ठेवली,
लेथच्या बेअरिंगवर ठेवायचा तशी.
"झोपलाय," म्हणाला.
झोपला नव्हता. आत ती पोरगी
हेलकावत दुसऱ्यांदा वळत होती.
तरी मी दार हळूच लावून घेतलं.