उजवी शिफ्ट

रामबागेतल्या आमच्या वाचनालयाचा हिशेब
अजून एका फ्लॉपीत राहत होता.
ती मरायला टेकली तेव्हा नव्या लॅपटॉपच्या पोटात
मी एक जुना संगणक मांडला,
तिच्यातलं सगळं त्यात हलवलं.
काळा पडदा, हिरवी अक्षरं,
वर ब्याण्णव सालची तारीख.
जसंच्या तसं. फक्त कीबोर्ड ऐकत नाही.

शालिनी भणगे अनामत परत मागायला आल्यात,
पन्नास रुपये, पावतीसकट.
मी शिफ्ट धरून श दाबतो, पडद्यावर स.
भ दाबला, ब आला. ण दाबला, म.
सालिनी बमगे नावाचा सभासद नाही,
यंत्र म्हणतं.
"सालिनी तर मला दूधवालाही म्हणतो," बाई म्हणाल्या,
"पण ही बमगे कोण मेली?"

शिफ्ट बाहेरच अडते.
आतल्या म्हाताऱ्याला निरोपच जात नाही
की कुणीतरी करंगळी दाबून बसलंय.
घर टाकलं तर गर. पाणी टाकलं तर पामी.
इंदूर टाकायला गेलो, तर नुसती वेलांटी
अक्षराविना लोंबत राहिली.
ल आणि ळ एकाच बटणावर राहतात,
ळ वरच्या मजल्यावर,
आणि जिना तर काढून नेलेला.

समोर काले किराना.
पाटी काळ्यांनी स्वतःच रंगवून घेतली.
आधार कार्डावर मीही कोलंबेकर.
त्यासाठी कधी कुठली सेटिंग उघडून बघितली नव्हती.

भणगेबाईंचा दुसरा चहा संपताना
चुकून उजवी शिफ्ट लागली.
श.
अडत होती ती डावी!
मग उजवी करंगळी तिथे रोवून,
डावा हात तिच्यावरून पलीकडे नेत,
गाठ पडल्यासारखा टाइप करत गेलो.
भणगे, शालिनी. सभासद दोनशे सतरा.
अनामत जमा.
खाली एक ओळ: लोणच्यांचं पुस्तक, मे त्र्याण्णव, येणे.
बाईंनी ती माझ्याआधी वाचली.
पावतीची घडी केली, पर्समध्ये ठेवली.
"राहू दे रे पन्नास," म्हणाल्या आणि उठल्या.

त्या गेल्यावर मी माझं नाव टाकून पाहिलं.
को. मग हात ओलांडून ळ.
बोट उचललं तरी आत बटण दाबलेलंच राहिलं,
कोळळळळळंबेकर.
बॅकस्पेस दाबला. तो पोहोचला नाही.
एंटर मात्र पोहोचला.