सुरगाठ

चैत्रातल्या ऐन दुपारी,
दूधगंगेत घोट्याएवढं पाणी असताना
आण्णा शिट्टी फुंकायचा.
आम्ही ताटावरून उठायचो, उष्ट्या हातांनी.
म्हशी सोडायच्या, ट्रंक माळ्यावर टाकायची,
खुंटीवरची पिशवी गळ्यात
आणि पळत बसवाण्णाच्या माळावर.
मागून आण्णा घड्याळ बघत यायचा.
"अकरा मिन्टं. मेलासा सगळी."

शेजारचा बाबगोंडा कट्ट्यावर तंबाखू मळत हसायचा,
"तवनाप्पा, पूर कुठाय रं? बादलीत?"

पिशवी मला अजून पाठ आहे.
दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळून
सायकलच्या ट्यूबनं आवळलेलं रेशनकार्ड,
मेणात बुडवलेल्या काड्या,
आईच्या बीपीच्या गोळ्या,
वीस कडक भाकरी, शेंगाची चटणी
आणि एक कागद,
त्यावर आमची नावं दोन्ही लिप्यांत.
होडी घेऊन येणारा माणूस
कुठल्या भाषेचा असेल, काय सांगावं?
"पाणी आलं म्हणून वरडला तर पळायचं,
नीर बंतु म्हणून वरडला तरी पळायचं.
बुडताना कुणी बोर्ड वाचत न्हाई."

पण खरा मार खाल्ला तो गाठीपायी.
मी दाव्याला निरगाठ मारायची,
घट्ट, नीटनेटकी, शाळेत शाबासकी मिळावी तशी.
"भिजली की दगड हुती ही.
सुरगाठ मार. एका वढीत सुटाय पायजे,
अंधारात, डाव्या हातानं,
रडत असलीस तरी."

पाणी आलं ते रात्री दोनला, आवाज न करता.
आधी चपला तरंगल्या.
आण्णा मिरजेच्या दवाखान्यात, सलाईन लावून.
शिट्टी मी फुंकली.
हौशी म्हैस पोटाएवढ्या पाण्यात थरथरत होती,
दाव्याचं टोक हाताला लागलं, ओढलं,
सुटलं.
बाबगोंडाच्या गोठ्यात सगळे विळा शोधत होते.

दस्तगीरनं गुऱ्हाळाची काहील पाण्यात ढकलली
आणि गोल गोल फिरत, उसाच्या फडावरून,
एकेक घर माळावर आणलं.
बाबगोंडाची बायको उतरली तेव्हा
तिच्या ओल्या लुगड्याला गुळाचा वास येत होता.

शाळेच्या वर्गात एक्केचाळीस माणसं, वीस भाकरी.
बाबगोंडा आपला तुकडा बराच वेळ चघळत राहिला.
हसला नाही.
मला वाटलं होतं, मी तरी हसेन.

सोळा दिवसांनी गावात आलो.
भिंतीवर माझ्या छातीएवढी रेघ,
चुलीत गाळ, गाळात कोंबडीची पिसं.
आई उंबऱ्याशी थांबली ती आत जाईना.
कुठल्या पायानं सुरुवात करायची
हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.
निघायची तालीम झाली होती दरसाल,
परत यायची
एकदाही नाही.

दवाखान्यातून आल्या आल्या आण्णानं विचारलं,
"किती मिन्टं?"
"सात."
"एक मिन्ट कुठं घालिवलासा?"
एवढं बोलून त्यानं फावडं उचललं.
ते उलटं धरलंय
हे त्याला कितीतरी वेळ कळलं नाही.
आम्हीही सांगितलं नाही.

आता मी बेळगावात, शहापूरला, तिसऱ्या मजल्यावर.
दाराशी खुंटी, खुंटीवर पिशवी.
"इथं कसला पूर?" नवरा म्हणतो.
मी भाकरी मोजते, गोळ्यांच्या तारखा बघते.
दोन वस्तू जादा घातल्यात,
गाळ खरवडायचं एक उलथनं
आणि उंबरा पुसायला आईचं जुनं लुगडं.

सन्मतीला बुटाची नाडी बांधता येत नाही अजून.
रोज सकाळी रिक्षा खाली हॉर्न देते
आणि मी जिन्यात तिच्यापुढं बसते.
डोळे मीट.
टोक ओढ.
सुटली?
आता पुन्हा बांध.